नाक्याअलीकडचा बर्फ

आयुष्यात लोकांनी मला गुटगुटीत म्हटलं ते एकदाच, आणि तेव्हा माझी दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली होती. त्याआधी तेरा वर्षं मी आमच्या घराची लाज होते. सिल्वासात टोकरखाड्याच्या कॉलनीत आमच्या दोन खोल्या होत्या. तिथल्या बायका माझ्या दंडाला दोन बोटांचं कडं घालून आईला विचारायच्या, "पोरीला जेवायला देता की नाही?" आई जळगावकडची. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवभाजी, वर तेलाचा बोटभर तवंग. एवढं घालूनही पोरगी काठीसारखीच राहते, हे तिच्या हाताला लागलेलं दूषण होतं. त्यामुळे त्या वर्षी थंडी सरताना एका सकाळी मी उठले आणि माझे गाल वर आलेले दिसले, तेव्हा आईचा आनंद काय वर्णावा! समोरच्या कोकिळाबेन दूध घ्यायला दारात उभ्या होत्या. त्यांनी माझी हनुवटी धरली.

"छोकरी मस्त भरली हं, भाभी! शुं खवडावता हल्ली?"

"काही नाही वो, घरचंच," आई म्हणाली. असं म्हणताना तिने पदर सावरला, तो एखाद्या सत्काराला उठावं तसा.

शेजारच्या साळवीकाकू रत्नागिरीच्या. त्यांचे यजमान माझ्याच शाळेत शिकवायचे. काकूंनीही कबूल केलं की डोळ्यांखाली चांगलं मांस आलंय. संध्याकाळी आईने मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली. नंतर अडीच महिने मला मिठाचं जे काही दर्शन झालं, ते तेवढंच. तेही अंगावरून ओवाळलेलं.

तीन दिवस मी गुटगुटीत होते. चौथ्या दिवशी माझी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. हे कोणाला सांगायचं, कसं सांगायचं, या विचारात मी एक अख्खा दिवस घालवला. शेवटी आईलाच सांगितलं. आई एरवी माझ्याशी शाळेतल्यासारखं मराठी बोलायचा प्रयत्न करी. पण त्या वेळी तिच्या तोंडून सरळ माहेरच निघालं, "काय व्हयनं व माय!" आणि तिने अंगणातूनच बाबांना हाक मारली.

बाबांबद्दल इथे सांगायला हवं, कारण ही गोष्ट माझ्या आजाराची कमी आणि त्यांची जास्त आहे. ते औद्योगिक वसाहतीतल्या एका सूत कारखान्यात टाइमकीपर होते. शिक्षण सातवी, आणि तेवढ्या शिक्षणावर सगळ्या कारखान्याची हजेरी त्यांच्या हातात. भोंगा झाला की ते खिडकीत बसत. कार्ड दोन मिनिटं उशिरा आलं तर लाल शाईने खूण करत. मग ते कार्ड सुपरवायझरचं असो की साहेबांच्या मेहुण्याचं. घरीसुद्धा मी शाळेतून उशिरा आले तर ते रागवत नसत, फक्त घड्याळाकडे बघून "लेट मार्क" एवढंच म्हणत. त्याचं मला रागवण्यापेक्षा जास्त लागायचं.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे ते पीत नसत. हे दुसऱ्या गावात सांगण्यासारखं नाही, पण सिल्वासात होतं. शेजारीच दारूबंदीचा गुजरात आणि इथे आमचा ओला तुकडा. किराण्याच्या दुकानांपेक्षा बार जास्त. गावाकडे लग्नाला गेलो की सगळे पाहुणे बाबांच्या पिशवीकडेच बघत. "काय पाव्हणं, रिकाम्या हातानं?" असं म्हणून डोळा मारत. सिल्वासात राहतो आणि पीत नाही, यावर त्यांच्या सख्ख्या भावाचाही विश्वास नव्हता. त्यात एकदा वापीला जाताना गुजरातच्या हद्दीवरच्या दारू तपासायच्या नाक्यावर बस थांबली आणि जमादाराने बाबांच्या पिशवीतली बाटली काढून भरल्या बसमध्ये हुंगली. निघालं तिळाचं तेल. जमादार हसून पुढे गेला, बसमधले लोकही हसले. बाबा मात्र त्यानंतर वापीला जाताना पाण्याचीसुद्धा बाटली नेत नसत. तहान लागली तर सोसत. ही तेलाची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण माझ्या पाठीत सुई जायची की नाही, ते तिच्यावर ठरणार होतं.

आमचे पारेख डॉक्टर बाजाराच्या तोंडाशी बसत. त्यांनी माझी लघवी नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली, तर ती नासक्या दुधासारखी फाटली. ब्लड प्रेशर पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. मग माझ्या बोटांच्या बेचक्यांतले, पायांवरचे खपलीचे डाग बघितले.

"खरूज होती?"

"होती ना. पिकली होती. महिना व्हायला आला. लिंबाचा पाला, गंधकाचं मलम, सगळं केलं. बरी झाली," आई म्हणाली.

"खरूज बरी झाली, भाभी. आता तिचं बिल आलंय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून दिली.

मुंबईला मी दहा दिवस पडून होते. तिथल्या किडनीच्या डॉक्टर एक बाई होत्या, उंच, पांढऱ्या सुती साडीतल्या, आवाज हळू. त्यांच्यासारखं हळू बोलून खोलीतल्या सगळ्यांना गप्प करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. सूज उतरल्यावर त्यांनी आई-बाबांना माझ्या खाटेपाशी बोलावलं आणि म्हणाल्या, "हिच्या रक्तातला कॉम्प्लिमेंट फार कमी आलाय."

बाबांचा चेहरा उजळला. "कमी म्हणजे बरंच ना, मॅडम? तिचं प्रेशरही कमी झालं, तेव्हा तुम्ही बरं म्हणालात."

बाईंनी खुर्ची ओढली. एवढ्या मोठ्या डॉक्टरने सातवी पास माणसासमोर खुर्ची ओढून बसावं, याचं तेव्हा आम्हाला अप्रूप वाटलं. पुढे नोकरीमुळे माझं सगळं आयुष्य डॉक्टरांच्या आसपास गेलं, आणि ते अप्रूप वाढलंच आहे. त्यांनी सांगितलं की पिकलेल्या खरुजेतले जंतू मारायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं. जंतूंचे तुकडे आणि ही प्रतिपिंडं यांचे गुंते रक्तातून फिरत मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. कॉम्प्लिमेंट ही रक्तातलीच प्रथिनं. एकाने दुसऱ्याला जागं करायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सगळ्यांनी मिळून जंतूला भोक पाडायचं, हे त्यांचं काम. गाळणीत गुंता दिसला की ती तिथे धावतात. जंतू तर केव्हाच गेलेले असतात. समोर सापडते ती आपलीच गाळणी. मग तीच फोडतात, आणि त्या कामात खर्ची पडतात. म्हणून रक्तात मोजायला गेलं तर कमी भरतात.

बाबांनी मनाशी हिशेब जुळवला. मग म्हणाले, "म्हणजे नाव पटावर आहे, पण हजेरी नाही. सगळे एकाच खात्यात घुसलेत आणि आपलंच मशीन फोडतायत."

बाई हसल्या. "इतकं चांगलं मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगू शकत नाही."

हे वाक्य बाबांनी पुढे तीस वर्षं सांगितलं. आलेल्या प्रत्येकाला. पण बाईंचं त्याच्यापुढचं वाक्य ते गाळत. बाई म्हणाल्या होत्या, "आता आठ आठवड्यांनी पुन्हा मोजू. हजेरी भरली, तर संप मिटला. ही मुलगी आयुष्यभर धावेल, नाचेल, काही होणार नाही. नाही भरली, तर हा आजार दुसरा, मुक्कामाला आलेला. मग पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढून बघावा लागेल." त्या वेळी माझी वार्षिक परीक्षा असणार, हे मी रडवेल्या आवाजात सांगितलं. त्यावर त्यांनी मला आणायचीसुद्धा गरज नाही म्हटलं. सिल्वासातच रक्त काढून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं आणि त्याच दिवशी बर्फात घालून पाठवायचं. 'बर्फात' या शब्दाखाली त्यांनी चिठ्ठीवर दोन रेघा मारल्या.

ते आठ आठवडे आमच्या घरात मीठ नव्हतं. मला मनाई होती. आईने आपण होऊन सोडलं, आणि बाबांना कोणी विचारलंच नाही. ते दुपारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काय खात असतील, ते मी आज समजू शकते. रात्री मात्र अळणी वरणात अळणी भाकरी कुस्करून, "आज जमलंय हं," असं म्हणत. लिंबू पिळायचं, जिरं भाजून टाकायचं, लसूण दुप्पट घालायचा, असे आईचे प्रयोग चालत. लसूण मिठाची उणीव भरून काढत नाही, फक्त तिची जास्त आठवण करून देतो. त्यातच कॉलनीत उडदाच्या पापडांचे दिवस आले. आमच्याच ओसरीत दगडी वरवंट्याने पीठ कुटण्याचा धप-धप आवाज, बायकांच्या पोळपाटांचा खडखडाट आणि तेल लावलेल्या चकचकीत लाट्यांचा ढीग. कोकिळाबेन एक लाटी माझ्या हातावर ठेवणार, तोच आईने हवेतच त्यांचा हात धरला. लाटी परातीत गेली. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून सामाजिक अभ्यास पाठ केला. आठवीत मी वर्गात पहिली आले, त्यात हुशारी किती आणि मिठाचा वियोग किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रक्त पाठवायचा दिवस उजाडला. परीक्षेचा माझा पेपर दुपारचा होता. पारेख डॉक्टरांनी सकाळी सहालाच दवाखाना उघडला, माझं रक्त काढलं, हाताने फिरवायच्या यंत्रात फिरवलं आणि वरचं पिवळं पाणी एका छोट्या नळीत घेऊन बूच लावलं. घरून आमचा एकुलता एक फ्लास्क आणला होता, लाल झाकणाचा. त्यात आइसफॅक्टरीतला बर्फ फोडून भरला आणि मध्ये नळी खोचली.

"टाइमकीपरसाहेब," डॉक्टर म्हणाले, "बरफ ओगळायच्या आत पोहोचायचं. जेटला टाइम, तेटली हजेरी कमी. समजलात ने?"

"समजलो," बाबा म्हणाले. उभ्या जन्मात त्यांना वेळेबद्दल कोणी बजावलं नव्हतं. ते थोडे दुखावलेही असावेत.

सातच्या बसने ते गेले. रात्री परत आले. नळी लॅबमध्ये दिली, पावती घेतली, सगळं वेळेवर झालं, असं त्यांनी सांगितलं. आईने फ्लास्क उघडला तर आतून चहाचा वास.

"रक्ताच्या फ्लास्कात चहा घेतला तुम्ही?"

"विसळला होता. परतीला स्टेशनवर भरून घेतला. रिकामा कशाला आणायचा?"

आईला किळस आली आणि त्या किळसेत आणखी काही विचारायचं राहून गेलं. तिने फ्लास्क तीन वेळा चिंचेने घासला.

आठवड्याने मुंबईहून पत्र आलं. कॉम्प्लिमेंट अजून कमी आहे. पहिल्यापेक्षाही कमी. मुलीला घेऊन ताबडतोब यावं.

त्यानंतरच्या दिवसांत आमच्या घरात लोक फार चांगले वागले. ते माझ्या मनात भीती म्हणून राहिलं आहे. साळवीकाकूंनी न मागता कपडे वाळत घातले. कोकिळाबेन रोज दूध घेऊन येत आणि माझ्या गालांकडे बघायचं टाळत. "मी म्हटलं होतं ने छोकरी भरली," असं आईजवळ म्हणून त्या एकदा रडल्या. जणू त्यांच्याच नजरेने माझी किडनी बिघडली होती. आईने दृष्ट काढली नाही. मीठ घरात नव्हतं. बाबा पहिल्यांदाच कामावर उशिरा गेले. त्यांच्या खिडकीत त्यांचं कार्ड लाल करायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच केलं. मला पाठीतल्या सुईचं भय होतंच, पण त्याहून मोठं भय दुसरं होतं. आईला कोणीतरी सांगितलं होतं की किडनीच्या मुलीला पुढे शिकवू नये, जिवाला ताण नको. लग्नाचं तर विचारूच नका. आई हे बाबांना सांगत होती तेव्हा मी भिंतीपलीकडे वह्यांना कव्हरं घालत होते. नववीची.

मुंबईला वॉर्डात मला पालथं झोपवून उशी पोटाखाली दिली. नर्सने कमरेवर थंड औषध फासायला घेतलं. आई माझ्या डोक्याशी उभी होती, बाबा पायांशी. डॉक्टरबाई हातमोजे घालण्याआधी संमतीपत्र घेऊन आल्या. "इथे सही करा."

बाबांनी खिशाचं पेन काढलं. तेवढ्यात वॉर्डाच्या दारातून एक कर्मचारी थर्माकोलचा डबा छातीशी धरून जवळजवळ पळतच गेला. "बाजू, बाजू! कॉम्प्लिमेंटचं आहे, बर्फ वितळतोय!" डब्याच्या कडेने पाण्याचे थेंब पडत गेले. बाबा त्या थेंबांकडे बघत राहिले. मी मान वळवून बाबांकडे बघत होते. पेन कागदावर टेकलेलं, पण हलत नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "सहीच्या आधी एक लेट मार्क नोंदवायचा आहे."

"काय?"

"बर्फ होता. नाक्यापर्यंत होता."

"कुठला नाका?"

"वापीच्या वाटेवरचा. नाक्याच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे मी बर्फ खिडकीतून ओतून दिला. नळी बनियनच्या खिशात ठेवली."

 नर्सचा हात माझ्या कमरेवर थांबला. औषधाचा ओघळ बरगडीवरून खाली जात होता, तो मला आजही जाणवतो.

"पण का?" बाईंनी विचारलं.

"फ्लास्क, बर्फ आणि सिल्वासातला माणूस." बाबांनी तीन बोटं मोजली. "तुम्ही मुंबईच्या, मॅडम. तुम्हाला नाही कळायचं. तो उघडणार, हुंगणार, सगळी बस बघणार. मी पीत नाही, मॅडम. आजवर एक थेंब नाही."

"मग पुढे?"

"पुढे नाक्यावर बस थांबलीच नाही."

हे मी लिहितानासुद्धा हसते आहे. तेव्हा कोणी हसलं नाही. बाबा सांगत राहिले. वापीला बर्फ शोधायला वेळ नव्हता, मुंबईची गाडी उभी होती. आणि त्यांना वाटलं, माणसाचंच तर रक्त, ते माणसाच्या उबेत कसं बिघडेल? उलट बापाच्या छातीशी जास्त चांगलं राहील. मुंबईला पोहोचले तर लॅबची जेवणाची सुट्टी. तासभर बाहेर उन्हात बाकावर बसले. एक हात खिशावर. नळी फुटू नये म्हणून.

बाईंनी पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. हातमोजे ट्रेमध्ये ठेवले. "टाइमकीपरसाहेब," त्या म्हणाल्या, त्याच हळू आवाजात, "ही प्रथिनं उबेत टिकत नाहीत. कामगार आले होते की नाही, हे मला आता कळणारच नाही. गेटवर पोहोचायच्या आत तुमच्या खिशातच गेले. आणि मी त्यांची गैरहजेरी लावून या मुलीला सुई टोचायला निघाले होते."

बाबांनी मान खाली घातली.  आईने माझ्या फ्रॉकची मागची बटणं लावली, वरून खाली, एकेक, फार सावकाश. शेवटचं लावून झाल्यावर म्हणाली, "अब्रू राहिली ना? मग झालं."

आमच्या घरात मोठ्याने भांडणं झाली, भांडी आपटली गेली. पण एवढं धारदार वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

रक्त तिथेच पुन्हा काढलं, तिथेच बर्फात ठेवलं, आणि त्या रात्री तपासणी होईपर्यंत आम्ही तिघं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होतो. पुढे मला कळलं की त्या तपासणीत मेंढीच्या रक्तपेशी वापरतात. आपल्या रक्तातले हे पहारेकरी त्यातल्या किती फोडतात, ते बघायचं. जितक्या जास्त फुटतील, तितकी हजेरी पूर्ण. म्हणजे मी नववीत जायची की नाही, हे त्या रात्री कोणा एका मेंढीच्या रक्ताने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः आल्या. हजेरी पूर्ण होती. संप कधीच मिटला होता, बहुधा पापडांच्या दिवसांतच. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाल्या, "आज हिच्या भाजीत मीठ घाला." मग जाता जाता बाबांच्या खांद्यावर थाप मारली. "सांगितलंत, ते चांगलं केलंत. बरेच लोक न सांगता सही करतात."

मी आमच्या दोन्ही घराण्यांतली पहिली पदवीधर. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं, मग लॅबचा कोर्स. पुढची सगळी नोकरी एका लॅबच्या खिडकीत बसून केली, बाबांसारखीच. खेड्यापाड्यांतून लोक नळ्या घेऊन येत. मी प्रत्येकाला विचारी, "कशात आणलंत? बर्फ कुठपर्यंत होता?" लोकांना तो खडूसपणा वाटे. एक गृहस्थ तर म्हणाले, "बाई, पोलीस आहात का?" मी म्हटलं, "नाही, टाइमकीपर." नमुना नाकारताना मला दर वेळी उन्हातल्या बाकावर खिशावर हात ठेवून बसलेला एक माणूस दिसे. म्हणून मी नाकारायची, पण ओरडायची नाही.

हजेरी पूर्ण निघाली त्या दिवशी परतताना आम्ही वापीहून बस पकडली. लाल झाकणाचा फ्लास्क बाबांच्या मांडीवर होता. दवाखान्यातला उरलेला बर्फ त्यांनी कोणाकडून तरी मागून त्यात भरून घेतला होता. कशासाठी, ते आईने विचारलं नाही, मीही नाही. नाका आला. या वेळी बस थांबली. जमादार चढला, मधल्या वाटेने चालत आला, आणि बाबांनी आपण होऊन फ्लास्कचं झाकण काढून तो पुढे केला, सगळ्या बसला दिसेल असा.

"बघा साहेब. बर्फ आहे."

जमादाराने आधी फ्लास्ककडे बघितलं, मग बाबांकडे. "अरे काका, तुम्ही सिल्वासाला चाललात. तिकडे कोण चोरून नेतं?" असं म्हणून तो पुढे गेला.

आईला हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा. तिने बाबांच्या हातातून फ्लास्क घेतला, बर्फाचा एक खडा काढून माझ्या तोंडात घातला आणि दुसरा त्यांच्या. घरापर्यंत फ्लास्क तिच्याच मांडीवर होता.